कायमची नोकरी सोडून कंत्राटावर भूल द्यायला जावे का?

कृष्णाकाठ | ३ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षे वाचनमात्र होते, धागा पहिलाच आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी ओहायोत, कोलंबसपासून चाळीस मिनिटांवर राहते. सीआरएनए आहे, म्हणजे भूल देणारी नर्स. मूळची सांगलीची. नर्सिंग मिरजेत, मग मुंबईत आयसीयू, मग एनक्लेक्स (इथल्या नर्सिंग परवान्याची परीक्षा), इथे येऊन परत आयसीयू आणि त्यावर तीन वर्षांचा भुलेचा अभ्यासक्रम. गेली सहा वर्षे एकाच रुग्णालयात कायम आहे.

मागच्या वर्षी आमच्या रुग्णालयाने भुलेचं काम बघणारा ग्रुप बदलला. पगार, सुट्ट्या, कॉलच्या पाळ्या, सगळंच हललं. अकरा जण सोडून गेले. त्यांच्या जागी लोकम आले. त्यातल्या एकीने डबा खाता खाता सहज सांगितलं, तासाला १९० डॉलर. माझा पगार वर्षाला २,१५,०००. म्हणजे तासाला १०३ च्या आसपास. खोली तीच, मशीन तेच, ऑपरेशनचा गुडघाही तसलाच. वर सुगामाडेक्स (स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उतरवणारं औषध) कुठल्या कप्प्यात आहे ते तिला मीच दाखवायचं!

आता मलाही एजन्सीचे फोन येतायत. आयोवात एका गावात २५ खाटांचं रुग्णालय, १३ आठवडे, एकटीने काम. ग्रीन कार्ड झालंय. नवरा आयटीत, मुलगा सातवीत.

घरी सांगलीला फोनवर म्हटलं, "कंत्राटावर जायचा विचार आहे." बाबा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "का गं, काढलं का तुला?"

कोणी केलंय का हे? खरे अनुभव हवेत. एजन्सीवाल्यांच्या गोड गोष्टी रोजच ऐकते.

शंकासूर | ३ फेब्रुवारी

अज्ञानाबद्दल आधीच माफी. नर्स भूल देते? पुण्यात माझ्या हर्नियाच्या वेळी भूल द्यायला वेगळे डॉक्टर आले होते, त्यांचं बिलही वेगळं होतं. आणि लोकम म्हणजे काय?

टेक्सासतात्या | ३ फेब्रुवारी

मला तर ते लोकमान्यांचं लघुरूप वाटलं. "भूल देणे हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी तासाला १९० डॉलरने बजावणारच."

निशिगंध_पहाटेचा | ३ फेब्रुवारी

हहपुवा तात्या.

मिनेसोटाची_मावशी | ३ फेब्रुवारी

शंकासूर, लोकम टेनन्स हे मूळ लॅटिन. अर्थ, जागा धरून ठेवणारा. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना? तो रुमाल म्हणजे लोकम. खरा प्रवासी येईपर्यंत सीटवर बसायचं.

आणि हो, अमेरिकेत नर्स भूल देते, तीही आजकालची नाही. १८७७ साली पेनसिल्व्हेनियात ईरी इथे सिस्टर मेरी बर्नार्ड नावाची जोगीण हे काम करत होती. आमच्या रॉचेस्टरला मेयो बंधूंकडे अ‍ॅलिस मॅगॉ नावाची नर्स भूल द्यायची. तिने १९०६ मध्ये चौदा हजारांहून जास्त केसेसचा लेखाजोखा छापला. भुलेमुळे एकही मृत्यू नाही. त्या काळी थेंब थेंब ईथर टाकून हे केलं बाईने, ना मॉनिटर ना ऑक्सिजनचा आकडा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. कॅलिफोर्नियात डॉक्टरांनी एका भूल-नर्सवर खटला भरला होता, हा तर डॉक्टरकीचा धंदा आहे म्हणून. १९३६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल नर्सच्या बाजूने दिला.

कृष्णाकाठ, मी २३ वर्षे या कामात आहे, त्यातली पाच लोकम केली. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता केस लागलीय.

हिशेबनीस | ४ फेब्रुवारी

व्यवसायाने अकाउंटंट, न्यू जर्सी. भुलेतलं काही कळत नाही, पण १९० आणि १०३ ची तुलना करणाऱ्याला आधीच भूल चढलीय एवढं कळतं. बसा, मांडू.

आठवड्याला ४० तास धरले आणि सुट्टीचे ८ आठवडे वजा केले तर ४४ आठवड्यांचे १९० च्या दराने ३,३४,४०० होतात. तुमच्या २,१५,००० पेक्षा १,१९,४०० ने जास्त. इथपर्यंत एजन्सी सांगते. पुढचं मी सांगतो.

१०९९ वर, म्हणजे पगारी नोकर नाही तर स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, काम केलंत की सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा) यांचा मालकाचा हिस्साही तुम्हीच भरायचा. दोन्ही मिळून १५.३ टक्के. सोशल सिक्युरिटीचा भाग २०२५ साठी १,७६,१०० पर्यंतच्याच कमाईवर लागतो. मालकाच्या अर्ध्याचे सुमारे १५,४०० धरा. तिघांचा आरोग्य विमा स्वतः घेतलात तर २४,००० धरतो, कमीजास्त होईल. निवृत्तीच्या खात्यात मालक टाकतो ते १०,००० गेले. आणि दोन कंत्राटांच्या मधे रिकामे बसायचे चार आठवडे धराच, ३०,४००. बेरीज ७९,८००. हातात राहिला फरक ३९,६०० चा.

हेही पैसेच आहेत, नाही म्हणत नाही. पण "दुप्पट" नाहीत. नवऱ्याच्या नोकरीतून विमा मिळत असेल तर गणित बरंच सुधारतं, ते सांगा. दुसरं म्हणजे कर आपोआप कापला जाणार नाही. एप्रिल, जून, सप्टेंबर आणि पुढच्या जानेवारीत, दर वेळी १५ तारखेला स्वतः भरायचा. हे लोक विसरतात. सगळे विसरतात.

फिरस्ती | ४ फेब्रुवारी

हिशेबनीसांना +१, पण एक बाजू राहिली. १०९९ वर सोलो ४०१-के, म्हणजे एकट्याचं निवृत्तीचं खातं, उघडता येतं. मालक आणि नोकर दोन्ही आपणच, त्यामुळे २०२५ मध्ये दोन्हीकडून मिळून ७०,००० पर्यंत टाकता येतात. शिवाय प्रवास, लायसन्सची फी, घरापासून दूरचं राहणं हे खर्च म्हणून दाखवता येतं.

मी चौथ्या वर्षात आहे. आत्ता नेब्रास्कात बसून लिहितेय, बाहेर उणे सोळा.

एजन्सीशी बोलताना तासाचा दर शेवटी विचारा. आधी हे विचारा की किती तासांची हमी आहे. सर्जन स्कीइंगला गेला आणि आठवड्यात सहाच केसेस झाल्या तर तुमचे पैसे कोण देणार? करार मोडायची नोटीस किती? माझ्या पहिल्या करारात माझ्यासाठी ३० दिवस होती आणि त्यांच्यासाठी ७. मी न वाचता सही केली होती. कॉलचे पैसे नुसते फोन जवळ बाळगायचे किती, आणि बोलावलं तर किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. आणि उद्या तेच गाव आवडलं, तिथेच कायम व्हायचं ठरलं, तर रुग्णालयाला एजन्सीला रग्गड पैसे मोजावे लागतात. ते कलम किती काळ लागू राहतं ते बघा.

कामातल्या चुकीबद्दल रुग्णाने दावा लावला तर त्यासाठीचा विमा एजन्सी देते, पण कुठल्या जातीचा ते विचारा. "घटना विमा मुदतीत घडली की पुरे" अशा प्रकारचा असेल तर झोप लागेल. "दावा मुदतीत आला तरच" अशा प्रकारचा असेल तर काम संपल्यावर येणाऱ्या दाव्यांसाठीची मागची शेपटी, ज्याला इथे टेल म्हणतात, ती कोण विकत घेणार ते कागदावर हवं. प्रसूतीच्या केसेसमध्ये तर फारच. बाळाच्या नावाने दावा कित्येक वर्षांनी येऊ शकतो.

आणि घाई नको. तुमचं ओहायोचं आरएन (साध्या नर्सचं) लायसन्स कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे राज्यांच्या सामायिक परवाना करारात, चालतं, आयोवाही त्यात आहे, पण सीआरएनएचं तसं नाही. आयोवाचं वेगळं काढावं लागेल. त्यानंतर रुग्णालयाची कागदपत्रं, संदर्भपत्रं, लसींचे दाखले. मला कधीच तीन महिन्यांच्या आत झालेलं नाही.

पुन्हा_एकदा_एच१बी | ४ फेब्रुवारी

माझी बायको आयसीयू नर्स आहे, एच१बी वर. ती सीआरएनए झाली तर असं फिरतं काम करू शकेल का?

फिरस्ती | ४ फेब्रुवारी

एच१बी एका मालकाला बांधलेला. १०९९ वर स्वतःचा धंदा करता येत नाही. एच४ ईएडी (एच१बीवाल्याच्या जोडीदाराचा कामाचा परवाना) असेल तर करता येतो, त्याला मालकाचं बंधन नाही. पण शेवटी वकिलालाच विचारा, इथल्या मावशी-काकांना नको.

मिनेसोटाची_मावशी | ४ फेब्रुवारी

मावशीला विचारू नका? बरं!

आता मुद्द्याचं. सगळे पैशांवर बोलतायत, मला रात्रीचे दोन आठवतात.

माझं पहिलं लोकम. रुग्णालयाचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. रविवारी दुपारी पोचले, सोमवारपासून काम, पण रविवार रात्रीचा कॉल माझ्याच गळ्यात होता. ओळख करून द्यायला एक मुलगी आली, वीस मिनिटांत सगळं दाखवलं, तीही घाईत होती. रात्री दोनला फोन: बाळाचे ठोके पडतायत, सिझेरियन. धावत गेले. औषधांच्या कपाटावर बोट ठेवलं, ते मला ओळखेना. माझं नाव अजून चढवलंच नव्हतं! बाई टेबलावर, सर्जन हात धुऊन तयार, आणि मी प्रोपोफॉलच्या, म्हणजे भुलेच्या औषधाच्या, कुलपासमोर.

तिथे एक म्हातारी ओटी टेक्निशियन होती, तीस वर्षे त्याच खोलीत काम केलेली. तिने न बोलता प्रसूतीच्या नर्सला हाक मारली, तिच्या बोटाने कपाट उघडवलं, आणि एका हाताने मला स्पायनलचा, म्हणजे पाठीत द्यायच्या भुलेच्या इंजेक्शनचा, ट्रे पुढे केला. "वेळ आहे, बसवून दे," म्हणाली. ठोके थोडे सावरले होते. मी स्पायनल दिलं, रक्तदाब पडला, फिनाइलएफ्रिन दिलं, बाळ रडलं. सगळं मिळून सोळा मिनिटं. नंतर कॉफी पिताना माझे हात थरथरत होते.

तेव्हापासून नियम केला. पहिला दिवस पैसे घेऊन असो वा फुकट, आधी स्वतः फिरायचं. श्वासनळीत नळी घालणं अवघड झालं तर लागणाऱ्या सामानाची गाडी कुठे, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (नळी घालताना घशातली वाट दाखवणारा कॅमेरा) चालू होतो का, रक्त मागवलं तर किती वेळात येतं, डॅन्ट्रोलीन (भुलेने अचानक जीवघेणा ताप चढला तर द्यायचं औषध) कुठलं आहे. जुन्या डॅन्ट्रोलीनच्या एका बाटलीत २० मिलिग्रॅम असतं आणि ती ६० मिली पाण्यात विरघळवायची. सत्तर किलोच्या माणसाला पहिल्या डोसलाच नऊ बाटल्या लागतात. एकटीने त्या हलवत बसणार का? म्हणून कोण मदतीला येणार त्याचं नाव आणि फोन हातावर लिहून ठेवायचा. मी खरंच हातावर लिहायचे.

आणि ओटीतल्या सगळ्यात जुन्या माणसाशी पहिल्या दिवशी ओळख करायची. त्याला डोनट न्यायचे.

टेक्सासतात्या | ४ फेब्रुवारी

मावशी, नेहमीसारखी चेष्टा करायला आलो होतो. वाचून गप्प बसलो.

झोपाळू_भूलतज्ज्ञ | ५ फेब्रुवारी

नाशिकहून. वय ५८. मावशींना साष्टांग.

तुम्ही ज्याला लोकम म्हणता ते आम्ही इथे जन्मभर करतोय, फक्त विमानाऐवजी स्कूटरवर. सकाळी ७ ला एका नर्सिंग होममध्ये सिझेरियन, ९ ला दुसरीकडे पित्ताशय, दुपारी हाडवैद्य, म्हणजे ऑर्थोवाले, आणि रात्री अकराला "सर, एक अपेंडिक्स आहे, येता का?" लॅरिंगोस्कोप, नळ्या, आणीबाणीची औषधं सगळं माझ्या पिशवीत. कारण प्रत्येक ठिकाणी काय नसेल ते मला पाठ आहे. कराराचा कागद कधीच नाही. पैशांचं म्हणाल तर "सर, महिनाअखेरीला एकत्र देतो". कुठला महिना ते बोलत नाहीत.

शंकासूर यांच्यासाठी: भारतात भूल देणं हे डॉक्टरचंच काम. खेड्यापाड्यात सिझेरियनला भूलतज्ज्ञ मिळेना म्हणून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं खास प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. भूल-नर्सची वाट आपण धरली नाही. धरायला हवी होती का, यावर मी बोललो तर आमच्या संघटनेतले मित्र चहाला बोलवायचे बंद होतील.

लातूरची_सिस्टर | ५ फेब्रुवारी

मला तुमच्या बाबांचं वाक्य कळलं, कृष्णाकाठ. मी नऊ वर्षे कंत्राटी होते. ११ महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस खंड, मग परत ११ महिन्यांची. त्या एका दिवशी घरी बसून वाटायचं, उद्या फोन आलाच नाही तर? शेजारची कायम सिस्टर तेच काम करून माझ्या दुपटीहून जास्त घ्यायची. तुमच्याकडे कंत्राटीला जास्त आणि कायमवालीला कमी! उलटी गंगा. मला दोनदा वाचावं लागलं.

हेवा नाही हो. पण "कंत्राटी" हा शब्द घरी वापरू नका. दुसरं काहीतरी सांगा.

कृष्णाकाठ | ५ फेब्रुवारी

लातूरची सिस्टर, डोळ्यात पाणी आलं. तुमच्यासारख्याच एका कंत्राटी सिस्टरने मला मुंबईत पहिली सेंट्रल लाइन लावताना हात धरून उभं केलं होतं. तिला माझ्याहून कमी पगार होता, हे मला फार नंतर कळलं.

हिशेबनीस, विमा नवऱ्याकडून मिळेल. म्हणजे २४,००० चा आकडा बराच खाली येईल. फिरस्ती, ७ आणि ३० दिवसांचं वाचून एजन्सीचा मसुदा परत उघडला. माझ्याही मसुद्यात तेच आहे!

खडूस_खडकीकर | ६ फेब्रुवारी

मी पेनसिल्व्हेनियात अ‍ॅनेस्थेसिऑलॉजिस्ट, म्हणजे एमडी. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

सहा वर्षे तुम्ही चारास एक पद्धतीत काम केलंत, म्हणजे एक डॉक्टर चार खोल्यांवर देखरेख करतो आणि अडलं की दोन मिनिटांत येतो. आयोवात ते नाही. मेडिकेअरच्या डॉक्टरी देखरेखीच्या अटीतून डिसेंबर २००१ मध्ये सगळ्यात आधी बाहेर पडलेलं राज्य तेच. तिथे तुम्ही एकट्या. मुद्दा तुमच्या हुशारीचा नाही. एकटीने शेवटचं एपिड्युरल (प्रसूतीच्या कळांसाठी पाठीत बारीक नळी घालून द्यायची भूल) कधी दिलंत? शेवटचा नर्व्ह ब्लॉक, म्हणजे हात किंवा पाय तेवढाच बधिर करणारं इंजेक्शन? तुमच्याकडे ब्लॉक डॉक्टरच देत असतील तर हात गंजतो. माझाही गंजला असता.

दुसरं: ते रुग्णालय किती वर्षे लोकमवर चाललंय ते विचारा. कोणी बाळंतपणाला गेलं म्हणून तीन महिने लोकम हवा, हे समजू शकतं. पण तीन वर्षे सतत रुमालच टाकलेला असेल, तर खरा प्रवासी त्या गाडीत का चढत नाही? जिथे जुना लोकम नव्या लोकमला वाट दाखवतो तिथे मी माझ्या शत्रूलाही ऑपरेशनला पाठवणार नाही.

मिनेसोटाची_मावशी | ६ फेब्रुवारी

खडकीकर, दुसऱ्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. पहिला अर्धाच पटला. चार खोल्यांवर एक डॉक्टर म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी हजर असायचं, मधे फेऱ्या मारायच्या, असं नियमात आहे. सकाळी साडेसातला चारही खोल्यांत एकदम सुरुवात होते तेव्हा डॉक्टर कुठे असतो हे आपण दोघंही जाणतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात त्याला.

खडूस_खडकीकर | ६ फेब्रुवारी

मी उंटावर नसतो, पायी असतो. काल १४,००० पावलं झाली. तुमच्या संघटनेने २०२१ मध्ये नावात "अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी" घातलं तेव्हापासून तुम्ही लोक आम्हाला चालवतच आहात.

टेक्सासतात्या | ६ फेब्रुवारी

धाग्यावर हाणामारी सुरू झालीय, कुणीतरी दोघांना भूल द्या. कोण देणार यावरून परत भांडतील.

स्टॉकहोमकर | ६ फेब्रुवारी

स्वीडनमध्ये भांडण नाही. भुलेची नर्स वेगळं एक वर्ष शिकलेली असते, डॉक्टर सुरुवातीला येतो, मग केस नर्स सांभाळते. भाड्याच्या नर्स मात्र इथेही आहेत, आणि त्यांच्यावरचा खर्च कमी करायचं सरकारी यंत्रणेचं सारखं चाललेलं असतं. माझी शेजारीण सुट्ट्यांमध्ये नॉर्वेला जाऊन काम करते, तिथे जास्त मिळतात. म्हणजे स्वीडनला नर्स कमी, म्हणून स्वीडन नर्स भाड्याने आणतं, आणि स्वीडनची नर्स नॉर्वेत. पुढे नॉर्वेची कुठे जाते कळलं तर सांगतो.

फिरस्ती | ७ फेब्रुवारी

हे चक्र इथेही तसंच आहे. कायमवाले लोकमचे दर बघून सोडतात, त्यांच्या जागी लोकम आणावे लागतात, ते बघून आणखी कायमवाले सोडतात. मी त्या चक्राचा भाग आहे, नाकारत नाही. पण गावातल्या २५ खाटांच्या रुग्णालयात भूल देणारं कुणीच नसेल तर बाळंतीण बर्फातून दीड तास गाडीने जाते. वर्षाला ८०० च्या आत शस्त्रक्रिया करणाऱ्या अशा ग्रामीण रुग्णालयांना मेडिकेअर भूल-नर्सचा खर्च वेगळ्या पद्धतीने भरून देतं, म्हणून ती टिकून आहेत. तिथे जाणं म्हणजे फक्त हावरटपणा नाही एवढंच.

खडकीकरांचा एपिड्युरलचा प्रश्न मात्र मनावर घ्या, कृष्णाकाठ. मी जाण्याआधी सहा महिने आमच्याकडच्या प्रसूती विभागात मुद्दाम पाळ्या मागून घेतल्या होत्या.

निशिगंध_पहाटेचा | ७ फेब्रुवारी

अवांतर: १३ आठवडे हॉटेलात जेवणाचं काय करता? माझा नवरा प्रकल्पासाठी डेन्व्हरला असतो, तिसऱ्या आठवड्यात त्याला वरणभाताच्या नावाने रडू येतं.

फिरस्ती | ७ फेब्रुवारी

स्वयंपाकघरवाली खोलीच घ्यायची. छोटा कुकर, एक इंडक्शन शेगडी, गोडा मसाला आणि मेतकूट सामानात. फोडणी मात्र जपून. मी एकदा लसणीची फोडणी दिली आणि आख्खं हॉटेल पार्किंगमध्ये, रात्री साडेनऊला, बर्फात. आगीचा बंब आला. त्यातल्या एकाची दुसऱ्या दिवशी कोलोनोस्कोपी होती. भूल मीच दिली. झोपायच्या आधी म्हणाला, "तुम्ही त्या लसूणवाल्या ना?"

टेक्सासतात्या | ७ फेब्रुवारी

खिक्क! धागा वसूल.

कृष्णाकाठ | ९ फेब्रुवारी

सगळ्यांचे आभार. खडकीकर, शिव्या देणार नाही. खरं उत्तर देते: शेवटचं एपिड्युरल चौदा महिन्यांपूर्वी. वाचून झोप उडाली होती. शुक्रवारी प्रसूतीच्या पाळ्या मागितल्या.

आणि एजन्सीच्या बाईंना विचारलं, आयोवाच्या त्या रुग्णालयात किती दिवस लोकम आहेत. उत्तर मिळालं, "अलीकडेच सुरू केलंय". अलीकडे म्हणजे कधी, विचारल्यावर चार वर्षे निघाली. भूल देणारीला भूलथापा! तिथे नाही म्हटलं.

झोपाळू_भूलतज्ज्ञ | ९ फेब्रुवारी

शाबास. आमच्याकडे एक म्हण चालते, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. सांगलीकरांना ऊस मी काय शिकवणार.

कृष्णाकाठ | २२ जून

धागा वर काढतेय. काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

नोकरी सोडली नाही. साठ टक्के करून मागितली. साहेब आधी नाहीच म्हणाले. मार्चमध्ये आणखी दोघी गेल्या, मग तेच माझ्याकडे आले. आता महिन्यात एक आठवडा आयोवातच, पण दुसऱ्या गावी. तिथे दोन कायम सीआरएनए आहेत, एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून मी. लायसन्स आणि कागदांना साडेतीन महिने लागले, फिरस्ती म्हणाल्या तसे. करारात नोटीस दोन्ही बाजूंनी ३० दिवस लिहून घेतली. आणि आमच्याकडे प्रसूतीच्या पाळ्यांत २६ एपिड्युरल्स दिली, मोजून.

पहिला आठवडा संपवून काल आले. रविवारी दुपारी पोचल्या पोचल्या औषधांच्या कपाटावर बोट ठेवून बघितलं. उघडलं. मावशी, तुमची आठवण झाली. डॅन्ट्रोलीन नव्या प्रकारचं निघालं, एका बाटलीत २५० मिलिग्रॅम, हायसं वाटलं. आठवडाभर बहुतेक कोलोनोस्कोपी आणि मोतीबिंदू. बुधवारी रात्री एक एपिड्युरल. बाई इतकी हलत होती की पहिल्या वेळी जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. शेजारी कुणी डॉक्टर नाही, मागे वळून बघायची सवय जाईना. सहा वर्षांत मी किती वेळा मागे वळून बघत होते हे मला तिथे कळलं. खडकीकर, तुमच्या बाजूचं मत समजा की माझ्या, तुम्हीच ठरवा.

डोनट नेले होते. तिथल्या जुन्या टेक्निशियनला मधुमेह निघाला. आता दाण्याचा बिनसाखरेचा लाडू शोधतेय.

बाबा आता शेजाऱ्यांना सांगतात, "पोरगी दौऱ्यावर असते." कलेक्टर झाल्यासारखं वाटतं.

लातूरची_सिस्टर | २२ जून

दौऱ्यावर! हाच शब्द हवा होता.

खडूस_खडकीकर | २२ जून

२६ चांगला आकडा आहे. मागे वळून बघायची सवय पूर्ण घालवू नका. वळल्यावर फोन नंबर दिसला पाहिजे.

हिशेबनीस | २२ जून

अभिनंदन. घर आणि मुख्य काम ओहायोत राहिल्यामुळे आयोवाचा प्रवासखर्च दाखवणं अगदी स्वच्छ झालं, हा उत्तम निर्णय. एकच विचारतो. जूनचा हप्ता यंदा १६ तारखेला होता, १५ ला रविवार होता म्हणून. आयोवाचा आठवडा त्यातच सुरू झालाय, म्हणजे सप्टेंबरला तरी कर लागेल. बाजूला काढायला सुरुवात केलीत ना?

कृष्णाकाठ | २२ जून

कुठला कर?

टेक्सासतात्या | २२ जून

सगळे विसरतात, असं कुणीतरी फेब्रुवारीत लिहिलं होतं.

हिशेबनीस | २२ जून

घाबरू नका. ओहायोच्या पगारातून कर कापला जातोच, तिथे डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा ते मालकाला सांगणारा फॉर्म) बदलून तो जास्त कापायला सांगा. पगारातून कापलेला कर वर्षभर सारखा भरला असं धरतात, त्यामुळे हप्ता चुकल्याचा दंडही टळतो. फॉर्मवर चौथ्या टप्प्यात "जादा रक्कम" असा रकाना आहे. आणि आयोवाचं वेगळं रिटर्न भरायचं आहे, ते फेब्रुवारीत सांगायला मीच विसरलो.

कृष्णाकाठ | २२ जून

फॉर्म उघडलाय. रकाना सापडला. किती लिहू?